शमुवेल कोणाचा?

घरात पाळणा हलू लागला की नावाचा प्रश्न निघतो आणि त्या प्रश्नाबरोबर वडीलधाऱ्यांचे कान टवकारतात. नातवाचे नाव 'शमुवेल' ठेवावे, नातीचे 'एस्तेर' किंवा 'रिबका' ठेवावे, असे तरुण आईबापांनी सुचवले तर त्या नावाचा अर्थ काय, ते मूळ कोणाचे, हे सहसा कोणी विचारीत नाही. "हे आपल्यातले नाव नाही," एवढेच ऐकू येते. आपल्यातले नाही तर मग कोणातले, असे पुढे विचारावे तर उत्तर ठरलेले असते: प्रोटेस्टंटांचे, नाहीतर यहुद्यांचे. ज्या ग्रंथातून ते नाव आले तो ग्रंथ आपल्याच वेदीवरून दर रविवारी वाचला जातो, ही गोष्ट या संवादात कोठेही येत नाही.

नाव हा अखेर एक शब्दच असतो. शब्दाभोवती अर्थाची वलये कशी साचतात, कोणती खरी आणि कोणती नुसती सवयीची, हे पाहणे समीक्षेचे काम आहे. म्हणून हा विषय आम्ही उपदेशासाठी न घेता वाङ्मयविचारासाठी घेत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की मराठी कानाला बायबलमधील नावांत जो धर्म किंवा पंथ ऐकू येतो तो बायबलचा नसतो. तो त्या नावाच्या उच्चाराचा असतो, आणि तो उच्चार आपल्यापर्यंत कोणत्या बंदरातून आला, कोणत्या छापखान्यातून आला, यावर सारे ठरते.

प्रथम आपल्याच घरातील जुनी नावे पाहू. मनवेल, पास्कू, मिंगेल, इजाबेल, बावतीस, जुजे, जुआंव, मारी. वसईपासून उत्तन-गोराईपर्यंत ही नावे ऐकताच 'आपला माणूस' अशी खूण पटते. ती कोणाला 'जुन्या करारातली' वाटत नाहीत. पोर्तुगीज वाटतात, फार तर आजोबांच्या काळातली वाटतात. परंतु मनवेल म्हणजे यशयाच्या भविष्यवाणीतील इम्मानुएल, 'देव आम्हांबरोबर' या अर्थाचे इब्री नाव. मिंगेल हा दानीएलच्या ग्रंथातील मिखाएल. इजाबेल म्हणजे अलीशिबा, योहान बाप्तिस्त्याची आई. जुआंव म्हणजे स्वतः योहान, आणि बावतीस ही त्याचीच उपाधी. पास्कू या नावाचे मूळ तर वल्हांडणाच्या सणात आहे. इस्राएल लोक मिसर देशातून निघाले त्या रात्रीचे इब्री नाव ग्रीक, लॅटिन आणि पोर्तुगीज अशी वळणे घेत आपल्या वाडीत आले आणि तेथे केळीच्या बागा शिंपू लागले. ज्या आजोबांना 'शमुवेल' परका वाटतो त्यांचेच नाव 'पास्कू' असू शकते, आणि इब्री मुळाच्या दृष्टीने दोन्ही नावे एकाच घरची आहेत. आमच्या मते या विषयातील सर्वांत बोलकी गोष्ट हीच.

उलट, ज्यांच्याविषयी आम्हांला रास्त अभिमान वाटतो ते वसईचे संत गोन्सालो गार्सिया (नागासाकी येथे १५९७ साली हौतात्म्य, १८६२ साली संतपद) यांचे नाव बायबलमध्ये शोधू जाल तर सापडणार नाही. आंतोन, दुमिंग, कैतान, इनास हीही बायबलबाहेरचीच नावे. ती संतांची आहेत, आणि म्हणूनच ती आपल्याकडे आली.

हे 'म्हणूनच' थोडे उलगडून सांगायला हवे. सोळाव्या शतकात युरोपातील ख्रिस्तसभा दुभंगली तेव्हा नावेही वाटून घेतली गेली. जिनिव्हात १५४६ सालच्या ऑगस्टमध्ये एका न्हाव्याने आपला मुलगा बाप्तिस्म्यासाठी आणला. त्याला नाव हवे होते 'क्लोद'. त्या प्रदेशात संत क्लोद यांची भक्ती फार. कॅल्व्हिनपंथी धर्मोपदेशकाने त्याला न विचारताच बाळाचे नाव 'अब्राहाम' ठेवून दिले. बाप संतापला, मुलाला घेऊन निघाला आणि चर्चमध्ये गोंधळ माजला. त्याच वर्षी नगरसभेने वर्ज्य नावांची यादीच काढली आणि क्लोद हे नाव तीत होते. पुढे इंग्लंडातील प्युरिटनांनीही संतांची नावे टाळून जुन्या करारातील नावे धरली. इकडे ट्रेंटच्या परिषदेनंतर १५६६ साली निघालेल्या रोमन धर्मशिक्षण-ग्रंथाने सांगितले की बाळाचे नाव संतमालिकेतील एखाद्या पुण्यपुरुषाचे असावे, म्हणजे त्या नावाने त्याला आदर्शही मिळेल आणि कैवारीही मिळेल. १९१७ च्या धर्मसंहितेने हा नियम पुढे चालवला. आईबापांनी दुसऱ्याच नावाचा आग्रह धरला तर धर्मगुरूंनी संताचे एक नाव जोडावे आणि दोन्ही नावे नोंदवावीत, असे तीत होते. अशा रीतीने अब्राहाम एका बाजूचा झाला आणि क्लोद दुसऱ्या बाजूचा. अब्राहामाला मात्र आपण कोणत्या बाजूचे हे कोणी विचारले नव्हते.

वसईत पोर्तुगीज १५३४ पासून १७३९ पर्यंत होते, म्हणजे नेमक्या याच कलहाच्या ऐन भरात. त्यांच्याबरोबर आलेली नावे ट्रेंटोत्तर कॅथलिक नावे होती, आणि मराठी कॅथलिक कान त्या नावांवर घडला. प्रोटेस्टंट मिशनरी फार उशिरा आले. सेरामपूरला मराठी नवा करार १८११ साली छापला गेला. अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरला सुरू झाले ते १८३१ साली. त्यांनी भर दिला बायबलच्या मराठी भाषांतरावर, त्यामुळे त्यांच्या मंडळ्यांत शमुवेल, दावीद, याकोब, शलमोन, रूथ, एस्तेर ही नावे भाषांतराच्या पानावरून थेट पाळण्यात उतरली. जुआंव आणि योहान ही एकाच प्रेषिताची नावे. पण पहिला वसईचा कॅथलिक आणि दुसरा नगरचा प्रोटेस्टंट हे महाराष्ट्रातील कोणीही ख्रिस्ती डोळे मिटून सांगेल. पुढे इंग्रजी शाळांनी दोघांनाही 'जॉन' करून टाकले आणि हा भेद काहीसा पुसट झाला.

आता वरच्या समजुतीतील मोठी चूक पाहू. 'जुना करार म्हणजे प्रोटेस्टंटांचा' हे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तरी अगदी उलटे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात रायतूर येथे १६१६ साली छापले गेले. त्याचा पहिला भाग, 'पैलें पुराण', हा जुन्या करारावरच रचलेला आहे. आदिमानवापासून कुलपती, राजे, संदेष्टे हे सारे मराठी ओवीत बसलेले आहेत. सेरामपूरच्या नव्या कराराच्या १९५ वर्षे आधी एका जेज्वीटाने हे काम मराठीत करून ठेवले होते. आपल्या पूर्वजांनी गोमंतकातील देवळांत ते ऐकले. त्या काळच्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत हाती लागलेली नाही. १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले आणि १९५६ साली पुण्याहून देवनागरीत आले. आम्हांला वाटते, मराठीत या कुलपतींवर पहिला हक्क सांगायचा झालाच तर तो कॅथलिकांचा आहे. हक्काची भाषा आम्हांला येथे फारशी रुचत नाही. तरी प्रश्नच तसा विचारला जातो म्हणून हे उत्तर.

मग ओवीतील ही नावे घरात का उतरली नाहीत? एक कारण वर आलेच: बाप्तिस्म्याला संताचे नाव हवे. दुसरे कारण उपासनेत आहे, आणि आमच्या समजुतीने तेच अधिक खोल आहे. जुन्या मिस्सेत रविवारचे पहिले वाचन बहुधा प्रेषितांच्या पत्रांतून असे, आणि तेही लॅटिनमध्ये. जुन्या कराराला प्रायश्चित्तकाळातील दिवसांत, पास्काच्या जागरणविधीत जागा होती. पण रविवारी मंदिर भरे तेव्हा शमुवेल, रूथ, यिर्मया ही नावे क्वचितच उच्चारली जात. जे नाव कानी पडत नाही ते तोंडी बसत नाही. १९६९ साली नवी वाचनमालिका आली आणि पास्काकाळ सोडला तर बहुतेक रविवारी पहिले वाचन जुन्या करारातून, लोकांच्या भाषेत होऊ लागले. आज ज्यांना 'एस्तेर' परके वाटत नाही ती बहुधा या नंतरच्या पिढीची माणसे आहेत. त्यांना आम्ही प्रोटेस्टंट वळणाची म्हणणार नाही. त्यांनी मिस्सा नीट ऐकली आहे, एवढेच.

संतमालिकेचा आक्षेपही फार काळ टिकत नाही. रोमच्या हुतात्मावलीत दानीएल २१ जुलैला आहे, शमुवेल २० ऑगस्टला, मोशे ४ सप्टेंबरला, अब्राहाम ९ ऑक्टोबरला, दावीद २९ डिसेंबरला. एलीया २० जुलैला येतो, आणि कार्मेल संघाचे लोक तर त्याला आपला मूळपुरुष मानतात. रोमला संत पेत्राच्या महामंदिरात संघसंस्थापकांच्या पुतळ्यांमध्ये त्याचाही पुतळा आहे. व्हेनिस शहरात जा: संत मोशे, संत शमुवेल, संत यिर्मया, संत इयोब अशा नावांची कॅथलिक मंदिरे शतकानुशतके उभी आहेत. ईयोबाच्या नावाचे मंदिर! आपल्याकडे इतके सोसलेल्या माणसाचे नाव मुलाला ठेवायला कोणीही धजणार नाही, हे वेगळे. १९८३ च्या धर्मसंहितेने आता एवढेच म्हटले आहे की ख्रिस्ती भावनेला विसंगत नाव देऊ नये. १९९२ चा धर्मशिक्षण-ग्रंथ तर एखाद्या ख्रिस्ती सद्गुणाचे किंवा रहस्याचे नावही चालेल असे सांगतो. म्हणजे दार उघडे आहे. अडखळते आहे ते आपले पाऊल.

'नाहीतर यहुद्यांचे' या उत्तराच्या दुसऱ्या अर्ध्याकडे वळू. महाराष्ट्रात हे उत्तर हवेतून आलेले नाही. कोकणातील बेने इस्राएल समाज येथे शतकानुशतके आहे. दिवे, चेऊल, राजपुरी या गावांवरून त्यांची आडनावे पडली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची बायबलमधील नावे मराठी मातीत अशी मुरली की शमुवेलचा सामाजी झाला, अब्राहामचा आबाजी झाला. मुंबईत १७९६ साली पहिले यहुदी सभास्थान बांधणारे शमुवेल एझिकेल दिवेकर हे सामाजी हसाजी दिवेकर म्हणूनही ओळखले जात. त्या भागातील सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाची. हा 'सामाजी' शिवकालीन बखरीतही खपून गेला असता. या समाजाने नाव टिकवले आणि त्याचा उच्चार शेजाऱ्यांना देऊन टाकला. पुढे सुशिक्षित पिढीने इंग्रजी वळणाची रूपे घेतली. १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस आणि कामा रुग्णालयात सेवा केलेल्या डॉ. जेरुशा झिराड ही त्या पिढीची नावे. मग त्यांची रूपे आणि प्रोटेस्टंटांची रूपे इतकी जवळ आली की तिऱ्हाइताला फरक कळेनासा झाला.

याचा एक गमतीदार दाखला चित्रपटात आहे. 'बूट पॉलिश' (१९५४) मधील जॉन चाचा कोणाला आठवत नाही? हा ख्रिस्ती म्हातारा ज्यांनी रंगवला ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर बेने इस्राएल होते. पडद्यावरचे जॉन हे इब्री मुळाचे नाव ख्रिस्ती ठरले, आणि नटाची स्वतःची डेव्हिड व अब्राहम ही नावेही प्रेक्षकांनी बहुधा ख्रिस्तीच समजून घेतली. तेवीस वर्षांनी 'अमर अकबर अँथनी' (१९७७) आला. तेथे तीन नावे म्हणजे तीन धर्मांचे तीन बिल्ले. कॅथलिक बिल्ल्यासाठी 'अँथनी' निवडले गेले, 'सॅम्युएल' निवडले गेले नाही. दिग्दर्शकाचा कान अचूक होता. लोकांना काय ऐकू येते हे त्याला पक्के ठाऊक होते. पण अशा चित्रपटांनी तो कान आणखी बधिर केला, हेही नोंदवले पाहिजे. पात्राचे नाव उच्चारताच त्याचा धर्म, त्याची बोली, त्याची बाटलीसुद्धा ठरून गेली की लेखकाला पुढे फारसे काम उरत नाही. आमच्या स्वतःच्या कथालेखनातही हा आळस अधूनमधून डोकावतो.

याउलट लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पाहा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. नाव कोणीच बदलले नाही. ख्रिस्ती झालेली बाई अखेरपर्यंत लक्ष्मी हेच नाव सांभाळून राहिली आणि नवऱ्याला पुस्तकभर 'टिळक' म्हणत राहिली. त्या पुस्तकात कोणाचा धर्म काय हे नावावरून कळण्याची सोय नाही. तो माणसाच्या वागण्यातून, बोलण्यातून, घरात कोण जेवायला बसले आहे यावरून कळतो. त्या आत्मचरित्राच्या थोरवीची अनेक कारणे आहेत, त्यांतले हे एक लहान कारण समीक्षकांच्या नजरेतून सुटते. अर्थात दुसरी वाटही मराठी माणसांनी धरलीच. काशीत वाढलेले नीळकंठशास्त्री गोरे १८४८ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी 'नहेम्या' हे नाव घेतले. मोडलेल्या यरुशलेमची तटबंदी पुन्हा बांधणाऱ्या माणसाचे हे नाव. दोन्ही वाटा प्रामाणिक होत्या. कॅथलिकांना त्या काळी पहिली वाट मोकळी नव्हती आणि दुसरी सुचत नव्हती.

हा सारा विचार केवळ अभ्यासकी कुतूहलाचा राहिला असता तर आम्ही एवढा मजकूर खर्ची घातला नसता. पण उच्चारावरून माणूस जोखण्याची सवय नावापाशी थांबत नाही. दावीद हे नाव आपण आदराने घेतो. स्तोत्रसंहिता त्याच्या नावाने ओळखली जाते. तेच नाव अरबी वळणाने 'दाऊद' झाले की चेहऱ्यावरची रेषा बदलते. एलियास आपला, इलियास त्यांचा. मारी आपली, मरीया पुस्तकातली, मेरी शाळेतली आणि मरियम मोहल्ल्यातली. तिचा पुत्र एकच, आणि तिला मान देणारी घरे या चारही ठिकाणी आहेत. एका मुलीचे स्थळ आले, मुलाचे नाव सॅम्युएल, आणि "ते आपले नसतील" म्हणून चौकशीच थांबली, असे आपल्यात घडते, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

आता दुसऱ्या टोकाविषयी चार शब्द. हल्ली ईथन, एरन, नोआ, जेडन अशी नावे बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत येऊ लागली आहेत. त्यांना वडीलधारे अडवीत नाहीत, कारण ती 'इंग्रजी' वाटतात, आणि इंग्रजी वाटणे हे आपल्याकडे अजूनही एक प्रशस्तिपत्र आहे. एथान हा एकोणनव्वदाव्या स्तोत्राच्या शिरोभागी ज्याचे नाव आहे तो ज्ञानी पुरुष, हे आईबापांना ठाऊक असते असे नाही. एरन म्हणजे अहरोन, मोशेचा भाऊ. यादोन नावाचा एक माणूस नहेम्याच्या ग्रंथात यरुशलेमच्या तटाची डागडुजी करताना एका वचनापुरता दिसतो; आपल्या जेडनने ते वचन पाहिले असेल असे वाटत नाही. म्हणजे गंमत अशी की 'शमुवेल' बायबलचा म्हणून नाकारला जातो आणि 'ईथन' बायबलचा नाही अशा समजुतीने स्वीकारला जातो. दोन्ही वेळा बायबल बंदच राहते. या दोहोंत आम्हांला पहिला नकार अधिक सुसह्य वाटतो, कारण त्यात निदान नावाला काही वजन आहे ही जाणीव असते.

वजन म्हणजे काय ते 'यहूदा' या नावाने दाखवून दिले आहे. यहूदा इस्कार्योत आणि यहूदा तदेव या दोन प्रेषितांचे नाव एकच. इंग्रजीने एकाला जुडास म्हटले, दुसऱ्याला ज्यूड, आणि कलंक एका रूपात कोंडून ठेवला. म्हणून ज्यूड नावाची मुले वर्गावर्गांत आहेत. मराठीला ही सोय सापडली नाही. आणि येशू? त्याचे इब्री नाव तेच जे मोशेनंतरच्या यहोशवाचे. आपल्यात जॉशुआ आहेत, आणि त्यांना आपण कोणाच्या नावाने हाक मारतो हे सहसा मनात येत नाही.

शमुवेलाकडे परत येऊ, कारण त्याच्या नावाची हकीकत पहिल्या पानापासूनच घोटाळ्याची आहे. हन्ना निपुत्रिक होती, तिने परमेश्वराजवळ मूल मागितले, आणि मागून घेतले म्हणून हे नाव ठेवले, असे ग्रंथ सांगतो. इब्रीचे अभ्यासक मात्र दाखवतात की 'मागितलेला' हा अर्थ शब्दशः जुळतो तो शौल या नावाशी, म्हणजे पुढे ज्याला शमुवेलानेच राजा म्हणून अभिषेक केला त्याच्याशी. आईने दिलेला अर्थ आणि शब्दाचा अर्थ यांत अंतर आहे, आणि ग्रंथकाराने ते अंतर तसेच राहू दिले आहे. नावाचा अर्थ कोशात पाहावा की ज्या माउलीने ते ठेवले तिच्या डोळ्यांत पाहावा, याचे त्याने उत्तर दिलेले नाही.

मग तो मुलगा मंदिरात एली याजकाजवळ राहतो. रात्री त्याला कोणी नावाने हाक मारते. तो उठून एलीकडे धावतो. तीनदा असे होते. हाक ओळखीची वाटते आणि म्हणूनच ती कोणाची हे त्याला कळत नाही. म्हाताऱ्या एलीची दृष्टी मंद झाली आहे, पण हाक कोणाची हे अखेर त्यालाच उमगते. नव्या वाचनमालिकेत हा उतारा दर तीन वर्षांनी, 'ब' वर्षातील सामान्यकाळाच्या दुसऱ्या रविवारी येतो. १४ जानेवारी २०२४ रोजी तो आपल्या धर्मग्रामांतून वाचला गेला, आणि वाचकाने वेदीवरून 'शमुवेल, शमुवेल' असे म्हटले तेव्हा पहिल्या बाकांवर आपले आजी-आजोबा बसलेले होते.